खुर्ची

पिट्सबर्गच्या या चढावरच्या गल्लीत
बर्फ उपसून मोकळी केलेली जागा
ज्यानं उपसली त्याची.
पुरावा म्हणून मधोमध एक खुर्ची ठेवायची.
कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही.
कायदा बहुतेक एवढा चढ चढून वर येत नाही.

आमच्याकडे खुर्ची म्हटलं की
माणसं तिच्यावर बसतात आणि उठत नाहीत.
इथे बसत कुणीच नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या जानेवारीत रात्रपाळी संपवून आले
तर रस्त्यात एक निळी खुर्ची, बैठक फाटलेली.
कुणी टाकून दिली असेल, म्हणून
उचलून भिंतीला टेकवली, नीट,
आणि गाडी लावून झोपले. गाढ.

दुपारी उठले तर गाडीच्या चारी बाजूंनी
कमरेएवढा बर्फ, थापून थापून बसवलेला.
कारागिरी म्हणावी असा.
समोरच्या पायऱ्यांवर लोरेटा पिकुल्स्की,
वय अठ्ठ्याहत्तर, हातात फावडं.

माझ्याकडे फावडंही नव्हतं.
मागायला तिच्याकडेच जावं लागलं.

इचलकरंजीत आम्ही शेजारी विरजण मागायला जायचो.
चमचाभर दही. नाही कुणी म्हणत नसे.
भांडण असलं तर उलट जास्तच घालत,
उगाच पुन्हा यायला नको म्हणून.
लोरेटानं फावडं दिलं.
"दांडा सैल आहे. माझ्या नवऱ्यानं बसवलेला. जपून."

परत देताना रिकामं देऊ नये म्हणतात,
पण फावड्यात काय घालून द्यायचं?
मी वर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला.
तीन आठवडे डबा आला नाही.
मग एकदा दारात सापडला. आत कोबीचं काहीतरी,
आणि चिठ्ठी: झाकण नीट लागत नाही.

मैत्रिणी झालो असं नाही म्हणता येणार.

पुढच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
रात्रभर बर्फ पडला आणि खुर्ची बाहेर आली नाही.
नऊ वाजले. दहा.
खालच्या घरातला थर्मन बाहेर येऊन उभा राहिला.
पलीकडची देउमाया, पाठीला बाळ बांधलेलं.
तोवर आम्ही एकमेकांची नावंही
धड विचारली नव्हती.
तिघंही त्या मोकळ्या नसलेल्या जागेकडे बघत होतो.

थर्मननं मागचं दार खांद्यानं उघडलं.
स्वयंपाकघरात फरशीवर लोरेटा,
खुबा मोडलेला, शुद्धीत, चिडलेली.
म्हणाली, "एवढा उशीर?"

अँब्युलन्स चढाच्या तळाशी अडकली.
आधी तीन फावडी होती, मग पाच,
मग ज्यांना मी फक्त पडद्याआडून ओळखत होते
ती माणसं टोप्या घालून आली, एक जण झाडू घेऊन.
आपापली जागा तशीच सोडून
आम्ही मधला रस्ता उपसला,
जो कुणाचाच नव्हता,
जिथे कुणी कधी खुर्ची ठेवली नसती.

गाडी तिला घेऊन उतरली, तेव्हा कुणीतरी म्हणालं,
तिच्याकडे गाडी नाहीये. नवऱ्याची होती,
ती विकूनही बारा वर्षं झाली.
दोन हिवाळे मी ती जागा रोज बघत होते.

आता ती नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात आहे.
बर्फ पडला की जो आधी उठेल
तो तिची जागा उपसतो, निळी खुर्ची ठेवतो.
रविवारी मी गेले की विचारते,
ठेवली?
ठेवली.
एकदा मी विचारलं, कुणासाठी गं?
खिडकीकडे बघत म्हणाली, कुणी आलंच तर.

मग सांगावंच लागलं,
परवा देउमायाचा भाऊ आला होता, लांबून,
त्यानं खुर्ची बाजूला करून गाडी लावली.
बराच वेळ बोलली नाही.
मग हळूच, "बर्फ थापलात ना?"
थापला, म्हणाले मी, साफ खोटं,
पण तुझ्यासारखा बसत नाही.